गोण्या जुळल्या होत्या, पट्टी चुकली होती

बी.कॉम. झाल्यावर 2017 साली मी करमाळ्याहून नवी मुंबईत आले आणि कांदा-बटाटा मार्केटमधल्या एका गाळ्यावर हिशेबाच्या कामाला लागले. गावाकडची मुलं-मुली अजूनही फोन करून विचारतात, ‘ताई, काम काय असतं, जमेल का?’ एकेकाला सांगण्यापेक्षा सगळं एकदा लिहूनच काढते.

आधी साधी गोष्ट. सगळे वाशी मार्केट म्हणतात, पण ट्रान्स-हार्बरने येणार असाल तर तुर्भ्याला उतरा. पहिल्या दिवशी मी वाशीला उतरले आणि रिक्षाला पैसे घातले. खोली कोपरखैरणे किंवा घणसोलीला बघा. तिथे माथाडी, म्हणजे ओझी उचलणाऱ्या कामगारांची मोठी वस्ती आहे, सातारा-पुण्याकडची बोली कानावर पडते आणि एकटं वाटत नाही. पावसाळ्यात चपला घालून येऊ नका. कुजलेल्या कांद्याच्या पाण्यावरून पाय सरकतो.

आता काम. मला वाटलं होतं की हे काम कॉम्प्युटरवरचं आहे. बिलं मारायची, टॅली करायची. पण खरं काम पाकळीत असतं, म्हणजे गाळ्यांच्या रांगेत, गाळ्यापुढे जिथे माल उतरतो आणि विकला जातो तिथे. एका शेतकऱ्याच्या गाडीत एकसारखा कांदा कधीच नसतो. मोठा गोळा कांदा वेगळा, मधला वेगळा, लहान ती गोल्टी, त्याहून बारीक चिंगळी आणि डागी निघतो तो बदला. प्रत्येकाचं वक्कल, म्हणजे प्रतीप्रमाणे लावलेला ढीग, वेगळं लागतं आणि भावही वेगळा. गिऱ्हाईक गोणी फोडून कांदा हातात घेतं, चोळून पत्ती, म्हणजे वरची साल बघतं, मानेशी दाबून बघतं आणि मग भाव बोलतं. हे उभं राहून पाहिल्याशिवाय तुमच्या वहीतल्या आकड्याला अर्थ येत नाही.

शेतकऱ्याला आपण जो कागद देतो ती पट्टी. त्याचं नाव, गाव, गाडी नंबर, वक्कलवार गोण्या, वजन, भाव आणि खाली हमाली, तोलाई (वजन करण्याची मजुरी), गाडीभाडं वजा जाऊन उरलेली रक्कम. पूर्वी अडत, म्हणजे माल विकून देण्याचं गाळ्याचं कमिशनही शेतकऱ्याच्याच पट्टीतून कापलं जायचं. 2016 मध्ये फळं-भाजीपाल्यावरचं बाजार समितीचं नियमन उठलं, तेव्हापासून ती खरेदीदाराकडून घेतात. ज्याने माल पाठवला तो इथे नसतो, ओतूरला किंवा नगरला घरी बसलेला असतो. त्याचा आपल्यावर विश्वास म्हणजे तो एक कागद.

माझी चूक इथेच झाली. लागून तिसरा महिना होता. ओतूरकडच्या एका शेतकऱ्याच्या 40 गोण्या आल्या. 26 गोळा, 14 गोल्टी. पाकळीत गडबड होती, मी म्हटलं आत जाऊन लिहिते. आत गेल्यावर फोन आले, चहा आला, आणि मी आठवणीने लिहिलं: गोळा 16, गोल्टी 24. बेरीज 40. गोण्या जुळल्या म्हणून मी पट्टी करून पाठवून दिली. तोलाईची चिठ्ठी टेबलावरच होती, पण ती संध्याकाळी लावू म्हणून ठेवली.

दुपारी तीनला फोन आला. आवाज शांत होता. ‘ताई, माझी गोल्टी चौदाच होती. गोण्या आम्ही घरच्यांनीच भरल्यात.’

गोळा किलोला 18 रुपयांनी गेला होता, गोल्टी 11 ने. दहा गोण्या, गोणीत पन्नास किलो, किलोमागे सात रुपये. साडेतीन हजार रुपये. माझ्या हातून एका घराचे साडेतीन हजार गेले होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मी रडायलाच लागले. आमचे जुने दिवाणजी, म्हणजे हिशेबनीस काका होते, ते रागावले नाहीत. म्हणाले, ‘आधी त्यांना फोन कर, चूक माझी आहे म्हण, दुसरी पट्टी पाठव. मग शेठना सांग. रडायचं ते घरी जाऊन.’ मी तसंच केलं. चूक सांगायला सकाळपर्यंत थांबले असते तर रात्रभर सबबी शोधल्या असत्या, हे मला माझ्याबद्दल त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून छोटी वही ओढणीला बांधल्यासारखी माझ्याबरोबर असते. माल उतरतो तिथेच उभ्याने लिहिते आणि पट्टी करण्याआधी तोलाईच्या चिठ्ठीशी ओळ न् ओळ ताडून बघते. बेरजेवर माझा भरवसा नाही.

दुसरी गोष्ट हमालीची, ती मी उशिरा शिकले. माथाडींसाठी 1969 चा कायदा आहे, तो अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आला. हमालीच्या वर आपल्याला लेव्ही, म्हणजे मजुरीवरची ठरावीक जादा रक्कम, माथाडी मंडळात भरावी लागते आणि त्यातून कामगाराचा फंड, ग्रॅच्युइटी, बोनस उभा राहतो. नवा माणूस ही नोंद ‘होईल सावकाश’ म्हणून मागे टाकतो. टाकू नका. टोळीचा मुकादम तुम्हाला रोज भेटणार आहे. त्याचं नाव पहिल्या दिवशी विचारून घ्या, गोण्यांच्या संख्येवरून वाद झाला तर खरं तोच सांगतो.

पगार बँकेतच मागा आणि सुट्टी किती ते आधीच बोलून घ्या. मी संकोचले आणि पहिल्या वर्षी दिवाळीला घरी जाता आलं नाही.

ओतूरचे ते काका अजून माल पाठवतात. गाडी निघाली की त्यांचा फोन येतो. ‘ताई, लिहून घ्या, गोळा एकतीस, गोल्टी नऊ.’ मी लिहून घेते, आणि सकाळी गाडी आली की पाकळीत जाऊन पुन्हा मोजते.