एखाद्या इंग्रजी शब्दाचा माग कसा काढावा: 'नाइस'च्या निमित्ताने

वॉटर्लूची लढाई १८ जून १८१५ रोजी संपली. दुसऱ्या दिवशी ब्रुसेल्समध्ये विजयी ब्रिटिश सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांची टॉमस क्रीव्ही या परिचिताशी गाठ पडली, तेव्हा आपली आणि मित्रपक्ष प्रशियाचे सेनापती ब्ल्यूखर यांची मिळून ३०,००० माणसे गेली असे त्यांनी सांगितले आणि त्याच दमात या लढाईला 'डॅम्ड नाइस थिंग' म्हटले. क्रीव्ही यांनी हे बोलणे लिहून ठेवल्यामुळे ते आपल्यापर्यंत पोहोचले आहे. आजचा वाचक येथे थबकतो, कारण इतक्या मनुष्यहानीला 'छान' म्हणणारा सेनापती एकतर निर्दय असला पाहिजे किंवा वेडा. वेलिंग्टन यांपैकी काहीच नव्हते. इतका अटीतटीचा सामना तुम्ही जन्मात पाहिला नसेल, अशा अर्थाचे त्यांचे पुढचेच वाक्य आहे. त्यांच्या तोंडचा 'नाइस' म्हणजे काट्यावर तोललेला, केसभर फरकाने इकडचा तिकडे झाला असता असा.

रोजच्या वापरातल्या इंग्रजी शब्दाचा इतिहास शोधायचा असेल, तर अशा थबकण्यापासून सुरुवात करणे उत्तम. शब्दाचे मूळ काय, हा प्रश्न बहुतेकांना पहिला सुचतो. पण मूळ कोशात दोन ओळींत सापडते आणि त्यातून फारसे काही कळत नाही. खरे काम आहे ते तारखा असलेली वाक्ये गोळा करून ती कालक्रमाने मांडण्याचे आणि प्रत्येक वाक्यात तो शब्द नेमके काय करतो आहे हे पाहण्याचे. ते कसे करावे हे पुढे 'नाइस' या एकाच शब्दावर दाखवले आहे. पद्धत कोणत्याही शब्दाला लागू पडेल.

शब्द निवडताना लहान, जुना आणि सतत तोंडी असणारा निवडावा. 'टेलिफोन'सारख्या शब्दाची घडण विद्वानांनी ठरवून केलेली असते, त्यामुळे त्याच्या अर्थाला भटकायला फारसा वाव मिळालेला नसतो. कोश उघडण्याआधी त्या शब्दाचे आपल्याला माहीत असलेले सगळे अर्थ कागदावर उतरवून काढावेत, विशेषतः इतर अर्थांशी न जुळणारे. 'नाइस डिस्टिंक्शन' म्हणजे सूक्ष्म भेद. येथे 'छान' हा अर्थ बसत नाही. असा विजोड प्रयोग बहुधा जुन्या अर्थाचा उरलेला तुकडा असतो आणि शोधाचा पहिला धागा तोच पुरवतो.

कोश कोणता वापरावा, याला महत्त्व आहे. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेले कोश आज सर्वाधिक वापरला जाणारा अर्थ आधी देतात, त्यामुळे या कामी ते निरुपयोगी ठरतात. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी हा थोरला कोश अर्थ ऐतिहासिक क्रमाने लावतो आणि प्रत्येक अर्थाखाली तारखांसह मूळ वाक्ये देतो. त्याच्या ऑनलाइन आवृत्तीला वर्गणी लागते, पण अनेक ग्रंथालये आपल्या सभासदांना ती उपलब्ध करून देतात, आणि १८८४ ते १९२८ या काळात भागाभागांनी निघालेल्या पहिल्या आवृत्तीची पाने इंटरनेट अर्काइव्हवर मोफत वाचता येतात. सुमारे ११०० ते १५०० या काळातील इंग्रजीसाठी मिशिगन विद्यापीठाची मिडल इंग्लिश डिक्शनरी ऑनलाइन आणि विनामूल्य आहे. झटपट नजर टाकण्यासाठी डग्लस हार्पर यांचा ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी हा कोशही चांगला, मात्र त्यात सारांश असतो, पुरावा नसतो. तेथून निघावे, तेथेच थांबू नये.

नोंद वाचताना काही खुणा ओळखाव्या लागतात. वर्षाआधी 'सी' हे अक्षर असेल तर 'सुमारे', आणि 'ए' असेल तर 'त्या वर्षापूर्वी' असे समजावे. एखाद्या रूपाआधी तारकाचिन्ह असेल, तर ते रूप लिखित स्वरूपात कोठेही सापडलेले नसून भाषाशास्त्रज्ञांनी तुलनेने अनुमानलेले आहे. सर्वांत जुन्या वाक्याची तारीख ही शब्दाची जन्मतारीख नव्हे. तो शब्द तोपर्यंत कोणीतरी लिहून ठेवला होता, इतकेच ती सांगते. लोकांच्या तोंडी तो त्याआधी किती काळ होता हे त्यावरून ठरत नाही.

'नाइस'ची नोंद उघडल्यावर दिसते ते असे. इंग्रजीत हा शब्द १३०० च्या सुमारास जुन्या फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये तो लॅटिन 'नेस्कियस'वरून आला, ज्याचा अर्थ 'न जाणणारा', म्हणजे अज्ञानी. 'ने' म्हणजे 'न'; संस्कृत 'न' हा त्याचाच सगोत्र. उरलेला भाग 'स्किरे', म्हणजे जाणणे, या क्रियापदाचा, ज्याच्यापासून 'सायन्स' हा शब्दही निघाला आहे. 'नाइस' आणि 'सायन्स' हे चुलतभाऊ निघावेत, त्यातही एकाने ज्ञानाची बाजू घ्यावी आणि दुसऱ्याने अज्ञानाची, हे वाचून मौज वाटते. पण मौजेपाशी बहुतेकांचा शोध संपतो आणि खरा प्रश्न तसाच राहतो: अज्ञानी या अर्थाचा शब्द 'छान'पर्यंत पोहोचला कसा?

याचे उत्तर मिळवायला चिठ्ठ्या कराव्यात. ऑक्सफर्डचा कोश असाच तयार झाला. १८७९ मध्ये संपादक जेम्स मरे यांनी इंग्रजी वाचणाऱ्या सर्वसामान्यांना आवाहन केले, आणि वाचकांनी पुस्तकांतली वाक्ये चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवायला सुरुवात केली. मरे यांच्या बागेतल्या पत्र्याच्या खोलीत त्या चिठ्ठ्या ठेवायला १,०२९ खण होते. आपल्याला चार खणही पुरतील, पण शिस्त तीच हवी. वर शब्द, खाली तारीख, लेखक, ग्रंथ आणि ठिकाण, आणि त्याखाली पूर्ण वाक्य. वाक्य तोडू नये. वेलिंग्टन यांच्या बोलण्यातले फक्त तीन शब्द उतरवून घेतले असते, तर अर्थ उलगडणारा पुढचा भाग हातचा गेला असता.

पहिली चिठ्ठी जेफ्री चॉसर यांची. १३८० च्या दशकातील 'ट्रॉयलस अँड क्रिसिड' या काव्याच्या दुसऱ्या सर्गाच्या आरंभी चॉसर म्हणतात, की हजार वर्षांत भाषेचे रूप बदलते, आणि एकेकाळी ज्या शब्दांना मोल होते ते आज आपल्याला विलक्षण 'नाइस' आणि विचित्र वाटतात, तरी लोक तसेच बोलत होते. येथे 'नाइस' म्हणजे खुळचट. शब्दांचे अर्थ पालटतात हे सांगण्यासाठी कवीने नेमका हाच शब्द वापरावा, आणि पुढे त्याच शब्दाचा अर्थ इतका पालटावा की आजच्या वाचकाला ती ओळ टीपेशिवाय समजू नये, याहून बोलके उदाहरण मला सापडलेले नाही.

दुसरी चिठ्ठी १७५५ ची, सॅम्युअल जॉन्सन यांच्या कोशातली. 'नाइस'चा त्यांनी दिलेला पहिला अर्थ आहे बारीकसारीक बाबतींतही अचूक निर्णय करणारा, प्रसंगी गरजेपेक्षा जास्त काटेकोर. खुळेपणा येथे मागे पडला आहे, आणि वेलिंग्टन यांचा 'नाइस' याच कुळातला आहे.

तिसरी चिठ्ठी जेन ऑस्टिन यांच्या 'नॉर्थँगर ॲबी' या कादंबरीच्या चौदाव्या प्रकरणातली. कॅथरीन एका पुस्तकाला 'नाइस' म्हणते, तेव्हा हेन्री टिल्नी तिची थट्टा करतो: आजचा दिवसही 'नाइस', आपले फिरणेही 'नाइस', तुम्ही दोघी मुलीही 'नाइस', हा शब्द कशालाही चालतो. पुढे तो सांगतो, की मुळात कदाचित हा शब्द नीटनेटकेपणा, औचित्य, नाजूकपणा, सुसंस्कृतपणा एवढ्यापुरताच असेल. ही चिठ्ठी दोन कारणांनी मोलाची आहे. 'छान' हा सैल अर्थ तोवर तरुणांच्या तोंडी इतका रुळला होता की त्याची टिंगल करता येत होती, हे तिच्यावरून कळते. आणि हेन्रीचा 'मुळात' हा चॉसरपर्यंत पोहोचतच नाही. त्याच्या आधीच्या पिढीत जो अर्थ प्रतिष्ठित होता, तोच त्याला मूळ वाटतो. शब्द बिघडला अशी तक्रार करणारे बहुतेक लोक हीच चूक करतात.

याच चिठ्ठीवर तारखेचा पेचही पाहून घ्यावा. कादंबरीच्या मुखपृष्ठावर १८१८ हे साल आहे, ती प्रत्यक्षात डिसेंबर १८१७ मध्ये, लेखिकेच्या मृत्यूनंतर बाहेर पडली, पण तिचे मूळ लेखन १७९० च्या दशकाच्या अखेरचे आहे. चिठ्ठीवर दोन्ही तारखा लिहाव्यात. छापील साल तेवढे धरले, तर ही थट्टा वेलिंग्टन यांच्या उद्गारानंतरची ठरते, आणि जुना अर्थ मावळल्यावर नवा उगवला असा सोयीचा पण खोटा क्रम तयार होतो. प्रत्यक्षात दोन्ही अर्थ एकाच वेळी नांदत होते.

आता चिठ्ठ्यांमधली अंतरे भरायची. दोन अर्थांच्या मध्ये नेहमी असा काळ असतो, ज्यातले वाक्य दोन्ही प्रकारे वाचता येते, आणि अशी वाक्ये सर्वांत काळजीपूर्वक जपावीत. खुळा माणूस बुजरा असतो. बुजरा माणूस नको इतका चोखंदळ वाटतो. चोखंदळ माणसाची आवड नाजूक असते. नाजूक आवडीला बारीक फरक कळतात. ज्याला बारीक फरक कळतात तो रसिक, आणि रसिकाला जे रुचते ते छान. प्रत्येक पाऊल लहान आहे, आणि ते टाकताना आपण शब्दाचा अर्थ बदलतो आहोत असे कोणालाही वाटले नसणार. मात्र ही साखळी घरबसल्या तर्काने ओवलेली असू नये, तिच्या प्रत्येक कडीला एखादे तरी वाक्य हवे. सोळाव्या आणि सतराव्या शतकांतल्या अनेक वाक्यांत लेखकाला 'नाइस'चा नेमका कोणता अर्थ अभिप्रेत होता हे सांगणे कठीण आहे, अशी कबुली खुद्द ऑक्सफर्डचा कोश देतो. जेथे कोशकार संशय राखून ठेवतात, तेथे आपणही ठेवावा.

कोशाबाहेर, स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांत स्वतः शोध घ्यायचा असेल, तर आणखी काही खड्डे आहेत. जुन्या इंग्रजीत वर्णलेखन स्थिर नव्हते. 'नाइस' हा शब्द 'एन-वाय-सी-ई' असाही लिहिलेला आढळतो, म्हणून सर्व रूपे शोधावी लागतात. फ्रान्समधील नीस शहराचे इंग्रजी स्पेलिंग आणि या शब्दाचे स्पेलिंग एकच असल्यामुळे शोधात प्रवासवर्णनांचा ढीग हाती येतो. त्याहून फसवे म्हणजे १८०० च्या आसपासपर्यंतच्या छपाईतले लांब 'एस' हे अक्षर. ते 'एफ'सारखे दिसत असल्याने यंत्र ते तसेच वाचते, आणि मग 'सिली' शोधणाऱ्याच्या हाती 'फिली', म्हणजे घोडीचे मादी शिंगरू लागते. शब्दवापराचे आलेख दाखवणारी साधने याच यंत्रवाचनावर उभी असतात, म्हणून आलेखातला उंचवटा पाहून निष्कर्ष काढण्याआधी त्यामागची पाच-दहा पाने उघडून डोळ्यांनी पाहावीत.

रंजक कथांपासून तर चार हात दूरच राहावे. 'न्यूज' हा शब्द चार दिशांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांनी बनला, असे मला लहानपणी कोणीतरी सांगितले होते आणि ते मी कितीतरी वर्षे खरे मानत होतो; वास्तविक तो 'न्यू'चे, म्हणजे 'नवे'चे, अनेकवचन आहे. 'पॉश' हा शब्द जहाजातील सावलीच्या खोल्यांच्या आद्याक्षरांवरून आला, या कथेलाही पुरावा मिळालेला नाही. विसाव्या शतकाआधीचा शब्द आद्याक्षरांनी बनला असे कोणी सांगितले, तर ते खोटे धरूनच चालावे. चूक होण्याचा संभव फार थोडा.

अर्थाचा प्रवास कोणत्या दिशेने झाला, यासाठी मराठी भाषाविज्ञानात नेटक्या संज्ञा आहेत. 'नाइस'चा अर्थोत्कर्ष झाला. 'सिली'चा अर्थापकर्ष झाला: आज मूर्ख म्हणवणारा हा शब्द एकेकाळी धन्य, सुखी असा होता, आणि त्याचा जर्मन भाऊ 'झेलिग' आजही धन्यच आहे. 'मीट' म्हणजे कोणतेही अन्न; १६११ च्या बायबलच्या पहिल्याच अध्यायात वनस्पतींनाही हाच शब्द लावलेला आहे, आणि पुढे तो मांसापुरता उरला, हा अर्थसंकोच. 'डिअर'चेही तसेच: पूर्वी कोणताही पशू, आता केवळ हरीण. मराठी वाचकाला हे पटायला वेळ लागू नये, कारण संस्कृतातील 'मृग' हाही आधी कोणताही वन्य पशू होता, म्हणून तर सिंहाला मृगेंद्र म्हणतात.

मूळ सापडल्यावर ते हत्यारासारखे वापरण्याचा मोह होतो. 'नाइस'चा खरा अर्थ अज्ञानी आहे, असे सांगून कोणाचे बोलणे दुरुस्त करणारा माणूस लॅटिन शब्दाविषयी बरोबर बोलतो, पण इंग्रजी शब्दाविषयी चुकीचे. चॉसर यांच्या काळी तो अर्थ खरा होता, जॉन्सन यांच्या काळी दुसरा, आणि या कालक्रमातल्या एकाही चिठ्ठीला इतर चिठ्ठ्या रद्द करण्याचा अधिकार नाही.

संच लावून झाला की शेवटी एक कोरी चिठ्ठी ठेवावी आणि तिच्यावर आजची तारीख घालून आपल्या कानांवर आलेले वाक्य लिहावे. हातून कप निसटून फुटल्यावर शेजारचा माणूस जे लांबवून 'नाइस' म्हणतो, त्यात 'छान' कोठेच नसते. एखाद्या माणसाविषयी सांगण्यासारखे काहीच नसले की 'तसा नाइस आहे' म्हणतात, तेव्हा त्या शब्दात स्तुतीपेक्षा नाइलाजच जास्त असतो. ती वाक्ये कोणी, कोणाला आणि कोणत्या प्रसंगी म्हटली, हेही शेजारी नोंदवावे. नुसत्या अक्षरांवरून तो सूर कोणालाही ओळखता येणार नाही.