३२ बोअरची काडतुसं कशी पारखावीत: सराव, स्वसंरक्षण आणि नागपूरची हवा

नागपुरात परवान्यावर रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्यांकडे बहुतेक वेळा ३२ बोअरच असतं. .३८ आणि .४५५ ही बोअर प्रतिबंधित गटात मोडतात, ती सामान्य परवानाधारकाला मिळत नाहीत. परदेशी काडतुसं गन हाऊसमध्ये सहजासहजी नसतात. त्यामुळे ‘कोणती कंपनी चांगली’ या प्रश्नाला इथे फारसा अर्थ नाही. समोर ठेवलेला हा डबा, या लॉटचा (एकाच वेळी बनलेल्या खेपेचा), या वर्षाचा, आपल्याच रिव्हॉल्व्हरमध्ये दर वेळी पेटेल का, एवढंच पारखायचं असतं.

आधी ‘३२’ म्हणजे नेमकं काय ते बघा. बोलताना सगळेच ‘३२ बोअर’ म्हणतात, पण रिव्हॉल्व्हरचं काडतूस वेगळं आणि पिस्तुलाचं वेगळं. रिव्हॉल्व्हरचं ते .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, १८९६ पासून चालत आलेलं. त्याच्या पुंगळीची (गोळी आणि दारू धरणाऱ्या पितळी नळकांड्याची) लांबी सुमारे २३.४ मिमी आणि बुडाशी बाहेर आलेली ठळक कड सुमारे ९.५ मिमी व्यासाची. पिस्तुलाचं .३२ ऑटो, म्हणजे एसीपी, आखूड असतं. त्याची पुंगळी १७.३ मिमी आणि कड जेमतेम बाहेर. हे आखूड काडतूस रिव्हॉल्व्हरच्या चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या कप्प्यात) पुष्कळदा शिरतं, आणि धोका तिथेच आहे. लाँगची मान्य दाबमर्यादा १५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), तर ऑटोची २०,५००. आपल्याकडची जुन्या घडणीची ३२ रिव्हॉल्व्हरं, आणि २०१४ मध्ये आलेलं ‘निर्भीक’ नावाचं रिव्हॉल्व्हरही, मधून मोडून उघडणारी आहेत. या बांधणीचं वरचं कुलूप जास्तीच्या दाबाने हळूहळू ढिलं होतं. शिवाय ऑटोची कड पातळ असल्याने काडतूस पुढे सरकतं आणि प्राइमरवर (बुडाशी असलेल्या, ठोक्याने पेटणाऱ्या टोपीवर) ठोका अर्धवट बसतो. स्वस्त मिळालं म्हणून हे वापरू नका. ‘३२ स्मिथ अँड वेसन’ एवढंच नाव असलेलं आखूड काडतूस मात्र लाँगच्या चेंबरमध्ये सुरक्षित आहे. त्याची गोळी नळीपर्यंत जास्त अंतर उडी मारते, म्हणून नेम थोडा फाकतो, इतकंच.

दुकानात डबा समोर उघडून घ्या. पुंगळीच्या बुडावरचा ठसा वाचा. खडकीच्या कारखान्याची खूण ‘केएफ’ अशी असते. डब्यावरचा लॉट क्रमांक आणि उत्पादनाचं वर्ष लिहून घ्या. अंबाझरीची आयुध निर्माणी आपल्याच शहरात आहे, पण तिचं काम तोफगोळ्यांच्या आणि रॉकेटच्या भागांचं आहे. रिव्हॉल्व्हरची काडतुसं तिथून येत नाहीत, तेव्हा नागपुरातला माल ताजाच असणार असं धरून चालू नका. परवान्यावर जितकी काडतुसं मंजूर आहेत तितकी शक्यतो एकाच लॉटची घ्या. दोन लॉट मिसळलेले असतील तर पुढची सगळी पारख वाया जाते.

मग एकेक काडतूस उजेडात धरून बघा. प्राइमर पुंगळीच्या बुडाशी सपाट, किंवा केसभर आत असला पाहिजे. बोटाचं टोक फिरवलं की वर आलेला प्राइमर लगेच कळतो. असं काडतूस सिलिंडर फिरताना मागच्या पत्र्याला घासतं आणि सिलिंडर अडकवतं. तोंडाशी उभी चीर आहे का ते बघा. पितळेची चीर बारीक असते, तिरक्या उजेडात दिसते. गोळी अंगठ्याने हलकेच दाबल्यावर आत सरकली किंवा फिरली, तर तिची पकड सैल आहे, ते काडतूस बाजूला ठेवा. शिशाच्या गोळीवर पांढरट भुकटी असेल तर ती ओलाव्याची खूण. पुंगळीवर हिरवट थर, आणि तोही नखाला खरबरीत लागत असेल, तर ते घेऊ नका. नुसतं पितळ काळवंडलं असेल तर हरकत नाही. लांबीसाठी व्हर्नियर वापरा. संपूर्ण काडतूस ३२.५ मिमीपेक्षा लांब भरू नये, नाहीतर गोळीचं टोक सिलिंडरच्या पुढे डोकावतं.

बरेच जण सोनाराच्या काट्यावर काडतुसं तोलून दारू कमी आहे का ते शोधतात. त्याचा उपयोग होत नाही. ९८ ग्रेनची (गोळीच्या वजनाचं एकक) गोळी सुमारे ६.३५ ग्रॅमची, आणि आतली दारू जेमतेम ०.१५ ग्रॅम. पुंगळी आणि गोळीच्या वजनातला नेहमीचा फरकच त्याहून मोठा असू शकतो, त्यात दारूची कमतरता लपून जाते.

प्रत्यक्ष चाचणी फक्त परवानाधारक रेंजवरच घ्या. काटोल रोडचं शेत असो की स्वतःचं फार्महाऊस, मोकळ्यावर गोळी झाडायची नाही. शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर निष्काळजीपणे किंवा आनंदाच्या भरात केलेल्या, इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नेताना रिव्हॉल्व्हर रिकामं आणि काडतुसं वेगळी ठेवा. डोळ्यांना चष्मा आणि कानांना मफ लावा. सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून गरम वायू आणि शिशाचे कण उडतात, म्हणून बोटं सिलिंडरच्या पुढे जाऊ देऊ नका.

चाचणीसाठी २४ काडतुसं पुरतात. सिलिंडरच्या सहा कप्प्यांना मार्करने एक ते सहा आकडे घाला. त्यामुळे दोष काडतुसाचा की हत्याराचा हे ओळखता येतं. ठोका बसूनही जे पेटलं नाही ते कोणत्या कप्प्यात होतं ते दर वेळी लिहा. एकाच कप्प्यात पुन्हा पुन्हा घडत असेल तर शंका रिव्हॉल्व्हरवर. वेगवेगळ्या कप्प्यांत विखरून घडत असेल तर काडतुसावर किंवा घोड्याच्या (प्राइमरवर ठोका देणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगवर. स्प्रिंग की काडतूस, हे प्राइमरवरच्या खळग्यावरून कळतं. पेटलेल्या आणि न पेटलेल्या काडतुसांचे खळगे शेजारी ठेवून बघा. न पेटलेल्याचा खळगा उथळ असेल तर स्प्रिंग मवाळ झाली आहे किंवा आत जुनं ग्रीस घट्ट झालं आहे. खळगा खोल आणि तरी आग नाही, तर प्राइमर मेलेला आहे.

पहिली १२ काडतुसं घोडा मागे ओढून, सिंगल ॲक्शनने, हात टेकवून १५ मीटरवर झाडा. तीन इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरने सहा छिद्रं ८ ते १० सेंटीमीटरच्या आत आली तर काडतूस सरावाला चांगलं आहे. उरलेली १२ डबल ॲक्शनने, म्हणजे नुसता चाप ओढून, ७ मीटरवर झाडा. डबल ॲक्शनमध्ये घोडा थोडा कमी मागे जातो, ठोका हलका बसतो, म्हणून कच्चा प्राइमर इथेच उघडा पडतो. सिंगल ॲक्शनमध्ये सगळी पेटली म्हणून समाधान मानणं ही या चाचणीतली सगळ्यात नेहमीची चूक आहे.

आणखी एक गोष्ट जरूर करा. या काडतुसात दारू थोडी आणि जागा पुष्कळ, त्यामुळे दारू पुंगळीत पुढे किंवा मागे सरकते. रेंजवर क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) असेल तर तीन गोळ्या नळी आधी सावकाश वर करून मग लक्ष्यावर आणून झाडा, आणि तीन आधी खाली करून. वर केल्यावर दारू प्राइमरजवळ येते आणि वेग सहसा जास्त मिळतो. चार इंची नळीतून ९८ ग्रेनच्या गोळीला सेकंदाला साधारण २१५ मीटर वेग मिळणं अपेक्षित आहे, आखूड नळीतून त्याहून कमी. दोन्ही प्रकारांत वेग फार वेगळा येत असेल तर लॉट सरावाला ठेवा, संरक्षणाला नको. क्रोनोग्राफ नसेल तर कागदावरच्या उभ्या फैलावावरून वेगाचे अंदाज बांधू नका. वेग सेकंदाला १५ मीटरने कमी झाला तरी २५ मीटरवर घसरण सेंटीमीटरभरच वाढते. बाकीचा फैलाव हाताचा.

पुंगळीची गोळीवरची पकड तपासायची तर पाच गोळ्या झाडा आणि सहावं काडतूस काढून त्याची लांबी पुन्हा मोजा. हलक्या रिव्हॉल्व्हरच्या झटक्याने सैल गोळी पुढे सरकते. सरकत सरकत ती सिलिंडरबाहेर आली तर सिलिंडर फिरत नाही.

आता बिघाडांविषयी. ठोका बसला आणि आवाज नाही, तर सरावात नळी लक्ष्याकडेच धरून ३० सेकंद थांबा. प्राइमर उशिरा पेटू शकतो, आणि तोवर सिलिंडर उघडलं किंवा फिरवलं तर स्फोट नळीबाहेर होतो. आवाज नेहमीपेक्षा बसका आला, झटका कमी लागला किंवा कागदावर छिद्रच नाही, तर लगेच थांबा, पुढचा चाप ओढूच नका. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि मागून दुसरी आली की नळी फुगते किंवा फाटते. रिव्हॉल्व्हर रिकामं करा, नळी उजेडाकडे धरून मागून बघा. गोळी अडकली असेल तर घरी ठोकाठोक न करता परवानाधारक कारागिराकडे द्या. ज्या लॉटमध्ये एकदा असं झालं तो लॉट संरक्षणासाठी कायमचा बाद. न पेटलेलं काडतूस परवडतं, अर्धवट पेटलेलं नाही.

मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये पुंगळीची कड एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) चांदणीखाली अडकते, आणि दोष काडतुसाला दिला जातो. खरं तर उघडताना हात सावकाश चालला किंवा नळी खाली झुकलेली राहिली की असं होतं. नळी वर करून एका दमात उघडा. तरीही पुंगळ्या चिकटत असतील तर चेंबर घाण आहेत किंवा दाब जास्त आहे. चपटे झालेले प्राइमर दुसऱ्या शक्यतेची खूण. शिशाची गोळी वापरत असाल तर ३०-४० गोळ्यांनंतर नळीत शिसं साचून नेम फाकतो. पितळी ब्रश आणि सॉल्व्हंटने साफ करा, मग पुन्हा पारखा. रेंजवरून आल्यावर खाण्यापूर्वी हात-तोंड साबणाने धुवा.

स्वसंरक्षणासाठी लोक पोकळ नाकाच्या गोळीचा आग्रह धरतात. ३२ लाँगच्या वेगाला, त्यातही तीन इंची नळीतून, ती भरवशाने उमलत नाही, तेव्हा तिच्यासाठी जास्तीचे पैसे घालवू नका. साधी गोल नाकाची गोळी पुरेशी खोल जाते. किंबहुना विटेच्या भिंतीऐवजी प्लायवूडची आडभिंत असेल तर ती पलीकडेही जाते. घरात कोण कुठे झोपतं याचा विचार आधी करून ठेवा. सपाट नाकाची वॉडकटर कागदावर गोल स्वच्छ छिद्र पाडते, त्यामुळे २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल स्पर्धेच्या सरावाला ती उत्तम. तिथे प्रिसिजन टप्प्यात दहा गुणांचं वर्तुळ ५० मिमीचं असतं आणि कडेवरची गोळी मोजताना स्वच्छ छिद्राचा फायदा होतो. पण सपाट नाक चेंबरमध्ये भरायला वेळ लागतो, म्हणून घरच्या वापराला गोल नाकच बरं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी संरक्षणाचा हक्क आहे, आणि कलम ३७ त्याला मर्यादा घालतं: बचावाला आवश्यक असेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. काडतूस निवडण्याआधी ही कलमं वाचा.

२४ पैकी २४ पेटली म्हणजे लॉट निर्दोष ठरला असं नाही. शून्य बिघाड आले तरी खरं अपयशाचं प्रमाण किती असू शकतं, हे तीनला झाडलेल्या संख्येने भागून ढोबळ मानाने काढता येतं. २४ ला ते साडेबारा टक्क्यांपर्यंत असू शकतं, १०० ला ३ टक्क्यांपर्यंत. म्हणून सरावाची स्वस्त आणि संरक्षणाची महाग अशी विभागणी ३२ बोअरमध्ये तोट्याची आहे. एकाच लॉटची काडतुसं सरावात झाडत राहिलात की प्रत्येक गोळी घरात ठेवलेल्या सहांचीही परीक्षा घेत असते. सराव वाढवायचा आणि पैसे वाचवायचे असतील तर डमी काडतुसांवर चाप ओढण्याचा आणि १० मीटर एअर पिस्तुलाचा सराव करा. कुणी घरी भरून दिलेली काडतुसं घेऊ नका. परवान्याशिवाय काडतुसं बनवणं आणि विकणं शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ चा भंग आहे, आणि दारूचं प्रमाण किती हे भरणाऱ्यालाच ठाऊक.

साठवणुकीत नागपूरची हवा दोन बाजूंनी मारते. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा सीताबर्डीत उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डात काडतुसं ठेवली तर दारू लवकर खराब होते. आणि घरात मार्चपासून डेझर्ट कूलर चालतो, त्याची दमट हवा थेट कपाटावर येत असेल तर पितळ पावसाळ्याआधीच हिरवं पडतं. कूलरच्या झोतापासून दूर, आतल्या खोलीतल्या कुलूपबंद लोखंडी कपाटात, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पुड्या जून-जुलैत बदला. चामड्याच्या पट्ट्यात काडतुसं महिनोन्‌महिने अडकवून ठेवू नका, कमावलेल्या चामड्यातल्या आम्लाने पुंगळीवर हिरवा थर चढतो. तेलाचा हात काडतुसाला लावू नका, पातळ तेल प्राइमरच्या कडेने आत झिरपून त्याला मारतं. रिव्हॉल्व्हरमध्ये भरलेली सहा काडतुसं दर सहा महिन्यांनी सरावात संपवा आणि त्याच लॉटची नवी भरा.

बाद ठरवलेली काडतुसं कचऱ्यात, नाग नदीत किंवा जमिनीत पुरून टाकू नका. वेगळ्या डब्यात ‘न पेटलेली’ असं लिहून ठेवा आणि पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या. परवान्यावरची संख्या आणि तुमच्याकडचा हिशोब जुळला नाही तर नूतनीकरणाच्या वेळी, शहरात पोलीस आयुक्तालयात आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयात, उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.