जर्मनचा वर्ग सुरू करण्याआधी

खडू, फळा, हजेरी हे तुम्ही करालच. आधी आवाज. जर्मन माणसांच्या तोंडचं जर्मन फोनमध्ये उतरवून घ्या, स्पीकर चार्ज करा, आणि हे आदल्या रात्रीच करा. चोपडा असो की शहादा, ऐन तासाला वीज जाते, नेट जातं, मग वर्गापुढे फक्त आपला उच्चार उरतो. मागच्या वेळी माझं हेच राहिलं आणि पोरांनी माझा 'यू' जसाच्या तसा उचलला. तो पुढे सुटता सुटेना. ओठ 'ऊ'चे आणि जीभ 'ई'ची असा तो जर्मन स्वर आहे. मराठीत तो नाही, तेव्हा ऐकवल्याशिवाय येणार नाही. 'त्स' मात्र आपल्या 'चमचा'तच आहे, तिथे अडकू नका.

मुलांचा आणि मोठ्यांचा आराखडा वेगळा करा. मुलांना व्याकरणाचे नियम नकोत. लिंगासाठी रंगीत कार्डं करा: नामाआधी येणारे शब्द तीन, पुल्लिंगी डेर निळं, स्त्रीलिंगी डी लाल, नपुंसकलिंगी डास हिरवं. तो-ती-ते आपल्यालाही आहे, त्यामुळे तीन लिंगांची भीती नसते. पण सूर्य तिकडे स्त्रीलिंगी आहे, म्हणून मराठीवरून अंदाज बांधू देऊ नका. मुलं अहिराणीत उत्तर देतील, देऊ द्या. तिथे टोकलं की ती तोंडच उघडत नाहीत.

मोठी माणसं बहुधा नोकरीसाठी येतात. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, त्याबद्दल विचारतीलच. माहिती द्या, हमी देऊ नका, कुणाच्या घरचं कर्ज त्या शब्दावर उभं राहू शकतं. मोठ्यांना नियमामागचं कारण सांगावं लागतं, आणि परीक्षाही समजावावी लागते. ग्योटे इन्स्टिट्यूट ही जर्मन भाषेची संस्था; तिच्या ए-१ म्हणजे पहिल्या पातळीच्या परीक्षेत ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, प्रत्येकी २५ गुण, उत्तीर्ण व्हायला १०० पैकी ६०. ऐकण्याचे पंचवीस गुण तुमच्या आवाजावर मिळणार नाहीत! सरावाच्या प्रश्नपत्रिका ध्वनिफितीसह त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. उतरवा. आजच उतरवा.

संस्कृती म्हणजे किल्ल्यांची चित्रं नव्हेत. जर्मन घरात आईवडील, आजी सगळ्यांना 'डू', म्हणजे तू; अनोळखी मोठ्या माणसाला 'झी'. आपल्याकडे वडिलांना अहो-जाहो करणारी घरं आहेत, तिथल्या मुलाला हे आधी सांगा, नाहीतर तो बिचकतो. तिकडे रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, तेही सांगा. आणि आपली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जर्मनमध्ये सांगायला लावा: झोका, गौराई, माहेरी आलेल्या लेकी. परक्याचं शिकताना आपलं सांगता आलं पाहिजे, याबद्दल मी आग्रही आहे.

बाकी थोडक्यात. मे महिन्यात वर्ग सकाळी सातला. गृहपाठ छोटा, पण तपासलेला. फीची पावती द्या. परीक्षेचा अर्ज लवकर भरायला लावा, आणि अर्जावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्या.