सिग्नलला उभं राहताना ब्रेक कसा वापरायचा?

सोलापुरातला सात रस्ता असो की आसरा चौक, लाल दिवा लागला की आपण गाडी थांबवतो खरी, पण उभी करत नाही. हाफ क्लचवर वीतभर पुढे, कचकन ब्रेक, परत वीतभर पुढे. हिरवा लागेपर्यंत अर्धी गाडी झेब्रा पट्ट्यांवर आलेली असते. यात एक सेकंदही वाचत नाही. क्लच प्लेट झिजते ती वेगळीच, आणि मागच्याला आपण थांबलोय की निघालोय याचा पत्ता लागत नाही.

लाल दिवा लांबून दिसला की

आधी अॅक्सिलरेटर सोडा, आरशात मागे बघा, मग ब्रेकला हलका पाय लावा. एवढ्यानेही मागचा लाल दिवा लागतो आणि मागचा सावध होतो. क्लच घाईने दाबू नका. गाडी गिअरमध्ये असेपर्यंत इंजिनही वेग कमी करत असतं, त्यामुळे इंजिन अडखळायच्या बेतात आलं की मगच क्लच. गाळप हंगामात मागे उसाचा ट्रॅक्टर असेल तर जास्तच सांभाळा. दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर कारइतक्या कमी अंतरात थांबूच शकत नाही. त्याच्यापुढे कट मारून ब्रेक दाबणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

कुठे थांबायचं

पहिले असाल तर स्टॉप लाइनच्या अलीकडे. कारमध्ये कोणाच्या मागे असाल, तर पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील एवढं अंतर ठेवा. पुढची गाडी बंद पडली तर बाजूने निघता येतं, आणि मागून धक्का बसला तरी आपण लगेच पुढच्यावर आदळत नाही. त्या जागेत एखादा दुचाकीवाला घुसणारच. घुसू द्या.

थांबल्यावर

सगळ्यात जास्त चूक होते ती इथे. गाडी थांबल्या थांबल्या हँडब्रेक ओढून पाय काढून घेऊ नका. हँडब्रेकने मागचे ब्रेक लाइट लागत नाहीत. ते पायाच्या ब्रेकनेच लागतात. मागची गाडी येऊन उभी राहिलेली आरशात दिसेपर्यंत पाय ब्रेकवरच हवा. ती थांबली की हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा आणि दोन्ही पाय मोकळे करा. पहिला गिअर टाकून अख्खा सिग्नल क्लच दाबून बसलात तर क्लचचं बेअरिंग विनाकारण झिजतं, आणि एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात पायाला गोळे येतात ते वेगळेच. रात्री आपला ब्रेक लाइट मागच्या दुचाकीवाल्याच्या थेट डोळ्यांत जातो, तेव्हाही हँडब्रेकच बरा. जोराचा पाऊस किंवा धुकं असेल तर मात्र पाय ब्रेकवर राहू द्या, कारण तेव्हा आपण दिसणं महत्त्वाचं.

ऑटोमॅटिक गाडी असेल तर थोडा वेळ थांबायचं असताना 'डी'मध्ये (ड्राइव्ह) ब्रेक दाबून ठेवा, जास्त वेळ असेल तर 'एन' (न्यूट्रल) आणि हँडब्रेक. 'पी' (पार्किंग) नको. बहुतेक गाड्यांत 'पी'कडे जाताना लिव्हर 'आर'वरून (रिव्हर्स) जातो, क्षणभर रिव्हर्सचा पांढरा दिवा लागतो आणि मागचा हॉर्नवर हात ठेवतो. एएमटी गाडी (आत नेहमीचाच क्लच, पण तो आपोआप चालतो) चढावर अॅक्सिलरेटरच्या जोरावर धरून ठेवू नका, क्लच जळतो.

हिरवा लागताना

आकडे उलटे मोजणारा सिग्नल असेल तर पाचला पहिला गिअर टाका. हिरवा लागला की आडव्या रस्त्यावर एक नजर टाका, मग निघा. मागून हॉर्न वाजतोच. वाजू द्या.

दुचाकीवाल्यांसाठी

थांबताना दोन्ही ब्रेक एकत्र लावा आणि हँडल सरळ ठेवा. चौकात वाळू सांडलेली असते. हँडल वळवून नुसता पुढचा ब्रेक दाबला की चाक सटकलंच. इलेक्ट्रिक स्कूटरवर थांबलात की थ्रॉटलवरचा हात ढिला सोडा, गाडी बंद असल्यासारखी गप्प असते पण पीळ बसला की सुटते.

मोटरसायकलवर आणखी एक खोड दिसते: चालवताना उजवा पाय सतत ब्रेक पेडलवर टेकवलेला. ब्रेक शू घासून तापतात आणि मागचा दिवा कायम पेटलेला राहतो. मग खरंच ब्रेक मारला तरी मागच्याला काही फरक दिसत नाही.

याच्या उलटही होतं. जुन्या पद्धतीच्या मागच्या बल्बमध्ये दोन तारा असतात, 5 वॅटची टेल लाइटची आणि 21 वॅटची ब्रेकची. मोठी तार जळली तरी छोटी पेटत राहते, त्यामुळे दिवा चालू आहे असंच वाटतं. म्हणून रात्री गाडी भिंतीला किंवा बंद शटरला पाठ करून लावा आणि ब्रेक दाबून मागे बघा. भिंतीवरचा लाल उजेड ठळक वाढला पाहिजे. दुचाकीवर हाताचा आणि पायाचा ब्रेक वेगवेगळा दाबून बघा. दोन्हीने वाढत नसेल तर बल्ब बदला. फक्त पायाच्या ब्रेकने वाढत नसेल तर पेडलच्या स्विचची स्प्रिंग चिखलाने अडकली आहे का ते बघा.