लॅपटॉपची बॅटरी फुगलीय? की कंपनीने परत मागवलीय? या चुका टाळा

मे महिन्यात भुसावळला बहिणीकडे गेलो होतो. भाच्याचा सेकंडहँड लॅपटॉप टेबलावर डुगडुगत होता, म्हणून त्याने खाली कागदाची घडी सरकवली होती. टचपॅडही दाबलं जात नव्हतं. "काही व्हत नई मामा, चालतोय ना!" उलटा केला तर तळाचं झाकण मधोमध फुगलेलं, आणि चार्जर लावलेलाच. आधी तो काढला.

फुगलेली बॅटरी वापरत राहणं ही सगळ्यात मोठी चूक. बॅटरीतले सेल (वीज साठवणारे आतले भाग) बिघडून आत वायू साठलेला असतो. तिला टाचणी लावू नका, दाबून बसवू नका. लॅपटॉप बंद करून गादी-पडद्यांपासून लांब, फरशीवर ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला फोन करा.

दुसरी चूक म्हणजे "बॅटरीत दोष असता तर कंपनीने कळवलं असतं" असं धरून चालणं. जुना लॅपटॉप घेणाऱ्याचा पत्ता कंपनीकडे असतोच कुठे? ॲपलने जून २०१९ मध्ये २०१५ च्या १५ इंची मॅकबुक प्रोच्या बॅटऱ्या आगीच्या धोक्यामुळे परत मागवल्या. मुख्यतः सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१७ दरम्यान विकलेले हे लॅपटॉप. एचपीनेही २०१८ च्या जानेवारीत बॅटऱ्या परत मागवल्या आणि पुढच्या वर्षी ती यादी वाढवली. म्हणून सिरीयल नंबर कंपनीच्या अधिकृत साइटवर स्वतः टाकून बघा. परत मागवलेल्यांत असेल तर बॅटरी फुकट बदलून मिळते, वॉरंटी संपली म्हणून गप्प बसू नका.

नीट चालतोय म्हणून तपासणी टाळू नका. २००६ मध्ये डेलने सोनीच्या सेलच्या सुमारे ४१ लाख बॅटऱ्या मागे घेतल्या. सेलमध्ये राहिलेल्या धातूच्या बारीक कणांमुळे आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊ शकत होतं. बाहेरून ते कुणाला दिसणार?

त्यात आपला उन्हाळा. लॅपटॉपच्या बॅटरीतले लिथियम-आयन सेल साधारण ४५ अंशांपर्यंतच चार्ज करायचे असतात, आणि जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात तिथवर जातोच. पत्र्याच्या खोलीत, गादीवर, रात्रभर चार्जिंग नकोच. सकाळच्या गारव्यात, टेबलावर, जागे असताना करा. उन्हात उभ्या गाडीत तर लॅपटॉप ठेवूच नका.

काढलेली बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. बॅटरी कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांनुसार ती परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकाची आहे. सर्व्हिस सेंटरमध्येच सोपवा.