थंडीत गावच्या कुत्र्याची कातडी आणि केस कसे सांभाळावे

विदर्भातली थंडी कोरडी. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० अंशांच्या खाली उतरतो, दुपारी पुन्हा २७-२८ वर जातो आणि हवेत ओल नावाला उरत नाही. माणसाच्या टाचा फुटतात त्याच दिवसांत कुत्र्याच्या पाठीवर कोंडा दिसतो, कोपरं खरखरीत होतात, कानाच्या कडा सोलवटतात. यातलं बरंचसं नुसत्या कोरडेपणाचं असतं आणि घरच्या घरी आटोक्यात येतं. पण खरूज, उवा, गजकर्णही याच दिवसांत दिसतात, आणि तेल चोळून ते जात नाहीत. म्हणून काहीही लावण्याआधी कातडी बघायची. गावात बहुतेक वेळा उलटं होतं. आधी हाताला येईल ते फासलं जातं, आणि खाज वाढली की मग बघणं सुरू होतं.

कसं बघायचं

दुपारी, चांगल्या उन्हात, आठवड्यातून एकदा. कुत्र्याला आडवं निजवा आणि दोन्ही अंगठ्यांनी केस उलटे सारत जा. शेपटीचं बूड, काखा, जांघा, कानामागची जागा आणि बोटांच्या बेचक्या सोडू नका. पांढरा भुगा बोटाने उडाला तर तो कोंडा. केसाला चिकटलेला पांढरा दाणा ओढूनही सरकत नसेल तर ती उवेची लीख. काळे बारीक कण दिसले तर ते ओल्या पांढऱ्या फडक्यावर टाका. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. डाग नाही पडला तर नुसती माती.

खरजेसाठी एक सोपी परीक्षा आहे. कानाची कड दोन बोटांत धरून पाच-सहा सेकंद तिच्यावर तीच घासा. त्याच बाजूचा मागचा पाय खाजवल्यासारखा हलू लागला, आणि कानाच्या कडा, कोपरं, मागच्या पायाचे गुडघे यांवर खपल्या असतील, तर खरूज धरून चाला. ती दुसऱ्या कुत्र्यांना लागते, माणसालाही मनगटावर आणि पोटावर खाज आणते. लहान पिल्लाच्या डोळ्याभोवती किंवा तोंडाजवळ केस गेलेले, पण खाज फारशी नाही, असं असेल तर तो वेगळ्या किड्याचा आजार असतो आणि तो सहसा पसरत नाही. गोल चट्टा आणि तुटके केस म्हणजे गजकर्णाची शक्यता. खात्री होईपर्यंत लेकरांना त्या कुत्र्याशी खेळू देऊ नका.

राख आणि झोपायची जागा

थंडीत गावचा कुत्रा चुलीपाशी किंवा शेकोटीच्या राखेत जाऊन झोपतो. ऊब मिळते म्हणून कोणी हाकलत नाही, पण कातडी बिघडण्याचं सगळ्यात दुर्लक्षित कारण हेच आहे. लाकडाची राख क्षारयुक्त, दाहक असते. ती कातडीचं नैसर्गिक तेल शोषते, आणि वर दहिवर किंवा लाळ पडली की झोंबते. राखेत दडलेल्या निखाऱ्याने कोपर, पोट आणि पायाच्या गाद्या भाजतात. केसांची टोकं पिवळसर, वळलेली आणि करपट वासाची दिसली तर कुत्रा आगीच्या फार जवळ झोपतो असं समजा. रात्री शेकोटी विझवताना राख पाणी टाकून थंड करा, वर माती लोटा आणि जवळच त्याला दुसरी उबदार जागा द्या. नुसतं हाकलल्याने तो राहत नाही.

जागा अशी करा: कोठ्याच्या भिंतीला, उत्तरेचा वारा अडेल अशा कोपऱ्यात जमिनीवर दोन विटा ठेवून फळी टाका. वर तुरी-सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) भरलेलं तागाचं पोतं घाला. भंडारा-गोंदियाकडे धानाची तणस चालते, आणि ती जास्त ऊब धरते. कुटार टोचरं असेल तर वरून जुनं लुगडं किंवा गोधडी घाला. पोतं तीन दिवसांआड उन्हात टाका आणि आतलं कुटार दर पंधरा दिवसांनी बदला. युरियाची, बियाण्याची किंवा फवारणीच्या औषधांसोबत आलेली पोती वापरू नका. प्लास्टिक ओल शोषत नाही आणि आत राहिलेली पावडर कातडीला लागते.

केस विंचरणं आणि आंघोळ

गावठी कुत्र्याला आंघोळीपेक्षा विंचरण्याचा फायदा जास्त. आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटं, रबरी दातांच्या ब्रशने. आधी केसांच्या उलट दिशेने हलक्या हाताने, मग सरळ. त्याने मेलेले केस आणि कोंडा निघतो आणि कातडीतलं तेल केसाच्या टोकापर्यंत पोहोचतं. कुसळं आणि गोखरू ओढून काढू नका. गाठीवर दोन थेंब खोबरेल लावा, पाच मिनिटं थांबा आणि टोकाकडून बुडाकडे सोडवत जा. कुसळ कातडीत शिरलं तर आत सरकत जातं आणि गळू होतं, म्हणून बेचक्या आणि कानाचं तोंड रोज चाचपा. केस भादरू नका, रात्रीच्या थंडीत तेच त्याचं पांघरूण.

आंघोळ महिन्यातून एकदा पुरे, तीही दुपारी १२ ते २ च्या दरम्यान. बोअरचं ताजं पाणी थंडीत कोमट लागतं, ते चालतं. रात्रभर टाकीत राहिलेलं नको. पाणी आपल्या कोपराला कोमट लागलं की बस. कपड्याचा साबण किंवा पावडर कधीच नाही, आणि माणसाचा साबणही नको. कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा कमी आम्ल असते आणि तो साबण तिला कोरडं करतो. कुत्र्याचा शाम्पू पाण्यात पातळ करून लावा आणि निसरडेपणा पूर्ण जाईपर्यंत खळाळून धुवा. आत राहिलेला फेस हाच पुढच्या खाजेचं कारण ठरतो.

अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या खारपाणपट्ट्यात विहिरीच्या पाण्याने आंघोळ घालत असाल तर शेवटची बादली नळाच्या गोड पाण्याची घ्या. मीठ अंगावर सुकलं की कोंडा दुप्पट दिसतो. गोडं पाणी मोजकंच असेल तर आंघोळ टाळा, गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने अंग पुसा.

पोटातून काय द्यायचं

नुसत्या भाकरीवर आणि ताकावर पोसलेल्या कुत्र्याचे केस राठ होतात, कारण केस प्रथिनांचा बनतो. रोज एक उकडलेलं अंडं किंवा शिजवलेली घट्ट डाळ भाकरीत कुस्करून द्या. कच्चा पांढरा बलक नेहमी देऊ नका, त्याने बायोटिन हे जीवनसत्त्व अंगी लागत नाही. वाढत्या पिल्लाला फक्त धान्य दिलं तर जस्त कमी पडतं आणि डोळ्याभोवती, ओठांवर, गाद्यांवर जाड खपल्या येतात. त्यावर वरून काही लावून उपयोग नाही.

जवस आपल्याकडचंच आहे. घाणीचं ताजं तेल १०-१५ किलोच्या कुत्र्याला रोज अर्ध्या चहाच्या चमच्यापासून सुरू करा आणि आठवड्याने एक चमचा करा. हगवण लागली तर मागे या. फरक दिसायला सहा-आठ आठवडे जातात. हे तेल लवकर खवट होतं, लहान गडद बाटलीत थंड जागी ठेवा. रंगाच्या दुकानातलं उकळलेलं जवसाचं तेल विषारी असतं, ते चुकूनही नको. जवसाची चटणीही नको, तिच्यात लसूण असतो.

खाजेवर काय लावायचं नाही

जळालेलं इंजिन ऑइल, रॉकेल, फिनाईल आणि कपाशीवर फवारायची औषधं. कुत्रा अंग चाटतो, म्हणजे लावलेलं सगळं पोटात जातं. शिवाय कीटकनाशक कातडीतूनही भिनतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारी माणसं विषबाधेने दगावली, मग उघड्या जखमांच्या कुत्र्याचं काय होणार! लाळ गळणं, थरथर, उलटी दिसली तर तेल-तूप पाजू नका. साबणपाण्याने अंग धुवा, औषधाची बाटली सोबत घ्या आणि लगेच दवाखान्यात न्या.

ढोरांचं खरजेचं इंजेक्शनही स्वतः टोचू नका. ते गाई-बैलांच्या वजनाच्या हिशेबाने तीव्र केलेलं असतं, कुत्र्याला मात्रा सहज जास्त होते, आणि कोली (Collie) या विलायती जातीच्या रक्ताच्या कुत्र्यांना ते जिवावर बेततं. खरजेवर हल्ली वजनाप्रमाणे द्यायच्या गोळ्या मिळतात, त्या डॉक्टरांकडून घ्या. शंका राहिली तर कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आणि अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेत ही सोय आहे. उपचार घरातल्या सगळ्या कुत्र्यांना एकाच वेळी करा, अंथरूण उकळत्या पाण्यात काढा. कडुनिंबाचं तेल लावायचंच असेल तर एक चमचा दहा चमचे खोबरेलात, लहानशा जागी, आणि चाटू न देता. त्याने कोरडी खाज शमते, खरूज जात नाही.

जागलीवरचा कुत्रा

रात्री रानडुकरांमागे धावणारा कुत्रा पहाटे हरभऱ्याच्या वावरातून दहिवराने ओला होऊन येतो. हरभऱ्याच्या पानांवरची आंबट आंब फुटलेल्या कातडीला झोंबते, म्हणून पोट आणि पाय आधी ओल्या, मग कोरड्या फडक्याने पुसा. ओलिताच्या वावरातली काळी माती बेचक्यांत वाळली की केस ओढत भेगा पाडते. ती कोमट पाण्यात भिजवून काढा, बेचक्या पूर्ण कोरड्या करा आणि मग गाद्यांवर व्हॅसलिनचा पातळ थर द्या. दहा मिनिटं भाकरीच्या तुकड्यात गुंतवून ठेवा, नाहीतर लगेच चाटून टाकतो.

फेब्रुवारीच्या मध्यापासून केस झडू लागतात. कातडी साफ असेल तर काळजीचं नाही, विंचरणं मात्र रोजचं करा. त्याच सुमारास गोचिडांचा जोर वाढतो. मादी अंगावरून उतरून भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते, म्हणून कुत्र्याच्या जागेजवळच्या फटी ऊन तापायच्या आत शेण-मातीने लिंपून घ्या.