ग्रामपंचायतीचा रॅम्प नुसता दाखवायला नको असेल तर

आमच्याकडे एका सरकारी ऑफिसला रॅम्प आहे, पण तो इतका उभा की पोरं त्यावरून घसरगुंडी खेळतात आणि माझी आत्या पेन्शनच्या कामाला बाहेरच रिक्षात बसून राहते. तुमच्या गावात नवीन बिल्डिंग होत असेल तर प्लॅन पास व्हायच्या आधीच टेप घेऊन जा.

हिशोब सोपा आहे, १ फूट चढायला १२ फूट लांबी. म्हणजे सहा इंची तीन पायऱ्या असतील तर १८ फूट रॅम्प लागतो, जागा नसेल तर मध्ये वळवा, पण वळणावर ५ फूट सपाट जागा हवीच. रुंदी ४ फूट, कठडा दोन्ही बाजूंना.

आता आपल्या कोकणातला खरा त्रास म्हणजे शेवाळ! गुळगुळीत टाईल्स अजिबात नको, चार महिने पागोळ्या त्यावरच पडणार, त्यामुळे वर पत्रा किंवा कौलांची पडवी काढा आणि खाली खरखरीत फिनिश, पाणी बाजूच्या गटारात जाईल असा अगदी हलका उतार. साधा लोखंडी पाईप खाऱ्या हवेत सडतो, गॅल्वनाईज्ड घ्या.

पैसे नाहीत म्हणाले तर दिव्यांगांसाठीचा ५ टक्के निधी विचारा, आणि दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा दाखवा. गावातल्या व्हीलचेअरवाल्याला, काठीवाल्या आजोबांना साईटवर न्या, तेही पावसात. इंजिनियरला जे दिसत नाही ते आजोबा दोन मिनिटांत सांगतात.